गणपतीमागची तबकडी

पद्माकर टिल्लूला वस्तू टाकता येत नसे. बर्मिंगहॅमला हॉल ग्रीनमधल्या त्याच्या घराला ऐसपैस गराज होतं, पण त्यात गाडी कधी शिरली नाही. तिथे मोडक्या छत्र्यांच्या काड्या होत्या, तीन मिक्सरांच्या मोटारी होत्या, जॅमच्या बाटल्यांतून मापामापाने लावलेले स्क्रू होते, आणि कुठल्या तरी शाळेने टाकून दिलेला एक फळाही होता. सांगलीहून टूलरूम फिटर म्हणून आलेला हा माणूस कुठल्याही वस्तूकडे बघताना ती काय आहे हे बघतच नसे, तिचं काय करता येईल एवढंच बघे. याचं लोकांना भारी कौतुक. मराठी मंडळातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, टिल्लूंकडून काहीतरी शिका. त्याच गुणाने त्याचा घात केला, आणि घात झालाय हे त्याला कळायला चौदा वर्षं लागली.

कळलं ते १९९३ च्या सप्टेंबरात, एका रविवारी सकाळी. पत्र खरं तर शनिवारीच आलं होतं, पण खिडक्या विकणाऱ्या कंपनीचं असेल म्हणून त्याने ते फ्रिजवर ठेवून दिलं होतं. वीकेंडला घरी आलेल्या त्याच्या मुलीने, अनुराधाने, टोस्ट खाता खाता ते फोडलं आणि खायची थांबली.

"बाबा, मिसेस एस. टिल्लू म्हणजे आई ना?"

पत्र स्लाऊहून आलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव ग्रॅहम पेल्हम. हा दिवसा वेअरहाऊसमध्ये पेट्या हलवायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या रेकॉर्डी शोधायचा. एका चर्चच्या जुन्या बाजारात त्याला एका रेकॉर्डचं नुसतं कव्हर मिळालं होतं. आत काही नव्हतं. टिन हेरन नावाच्या बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी १९७१ साली स्वतःच्या पैशाने ही रेकॉर्ड काढली होती. शंभरावर काढल्या तर टॅक्स लागायचा, म्हणून फक्त नव्व्याण्णव. पोरांपैकी दोघे वारले होते, मूळ टेप तळघरात पाणी शिरून गेल्या होत्या, आणि बारा वर्षं शोधूनही ग्रॅहमला एक तबकडी मिळाली नव्हती. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं: 'दुसरी बाजू, शेवटचं गाणं. आवाज: मिसेस एस. टिल्लू, वरचा मजला.' त्याने लायब्ररीत बसून मिडलंड्सची सगळी फोनबुकं चाळली होती. टिल्लू एकच निघाले. आपण त्यांचे कोणी आहात का, आणि आपल्याकडे ती रेकॉर्ड आहे का, असं त्याने फार अदबीने विचारलं होतं.

"आईची आवाज रेकॉर्डवर आहे?" अनुराधा उभीच राहिली. "आणि यू नेव्हर टोल्ड मी? कुठे आहे तो रेकॉर्ड?"

पद्माकरने चहाचा कप खाली ठेवला.

त्या घरात आवाजाचा विषय म्हणजे उघडी जखम होती. अनुराधाची आई सुलक्षणा ८१ च्या जानेवारीत गेली. साध्या तापाचं निमित्त, नऊ दिवस हॉस्पिटल, आणि दहाव्या दिवशी पद्माकर तिची चप्पल पिशवीत घालून घरी आला. अनुराधा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे दोन वर्षांनी कारखानाही बंद पडला. ज्या नोकरीसाठी त्याने बारा-बारा तास घातले होते, ती एका छापील कागदाने संपली. त्याने खचून जायला हवं होतं, पण घरात मुलगी होती. तो शाळेत केअरटेकर म्हणून लागला, पोळ्या शिकला, फिटरच्या काटेकोरपणाने तिच्या वेण्या घालायला शिकला. दोन्ही वेण्या मिलिमीटरला सारख्या. वर्गातल्या पोरी चेष्टा करायच्या आणि अनुराधा घरी येऊन ते सांगायची नाही. बापाला वाईट वाटेल म्हणून.

फोटो पुष्कळ होते. ब्लॅकपूलची एक मूक फिल्म होती, तिच्यात सुलक्षणा वाळूत चालता चालता वळते आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते. काय म्हणते ते कुणालाच ठाऊक नाही. माहेरी ती पत्रांऐवजी कॅसेटी पाठवायची. ती गेल्यावर पद्माकरने मेव्हण्याला त्या परत मागितल्या, तर मेव्हण्याने त्यांवर केव्हाच भजनं भरून घेतली होती. त्याला तरी काय बोलणार? बहीण धडधाकट होती, कॅसेटी महाग होत्या.

बारा वर्षांची असताना अनुराधाने विचारलं होतं, आई कशी बोलायची? पद्माकरने आवाज बारीक करून म्हणून दाखवलं, "अनू, ये गं वेणी घालायला." पोरगी आधी हसली आणि मग अशी रडायला लागली की त्याने पुन्हा तो प्रयोग केला नाही. अठराव्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर ती म्हणाली, "मला आईची आवाज आठवत नाही आता." पद्माकर सवयीने म्हणून गेला, "आईचा आवाज." म्हणाला आणि आपली जीभ झडली का नाही असं त्याला झालं.

आणि आता हे पत्र.

"बाबा, कुठे आहे?"

कुठे आहे ते त्याला आठवलं होतं.

७१ साली ते बर्मिंगहॅमच्याच मोझली भागात एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. खाली ही चार केसाळ पोरं. पद्माकर घर घेण्यासाठी ओव्हरटाइम करायचा, शनिवारीसुद्धा. सुलक्षणा चार महिन्यांच्या अनूला जिन्यापाशी बांधलेल्या झोळीत घालायची आणि स्वतःच रचलेली अंगाई म्हणायची. ती खाली ऐकू जायची. एक दिवस कॉलिन नावाचा गिटारवाला वर आला आणि हातवारे करून विचारू लागला, हे आमच्या रेकॉर्डसाठी म्हणाल का? तिने रात्री नवऱ्याला विचारलं. नवरा अर्धवट झोपेत म्हणाला, "म्हण की. कोण ऐकतंय!"

हे त्याला आता शब्दन् शब्द आठवत होतं.

रेकॉर्ड निघाली, तिला एक मिळाली. हॉल ग्रीनचं घर घेऊन त्यात ती वाजवायचं यंत्र यायला ७३ साल उजाडलं. एका रविवारी तिने ती लावली. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं आणि पद्माकरला वाटलं कारखान्यात पट्टा तुटलाय. पाच मिनिटं त्याने कळ काढली आणि मग एक स्क्रू शोधायला गराजमध्ये गेला तो जेवायलाच आत आला. जेवताना सुलक्षणाने विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं की. छान म्हटलंस."

"शेवटपर्यंत ऐकलंत?"

"हो म्हटलं ना!"

ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग तिने त्याच्या पानात आमटी वाढली. पुढे दोन-तीन वर्षं ती मधूनच कशावरून तरी तो विषय काढायची. शेवट कसा वाटला, असं काहीतरी विचारायची. तो दर वेळी छान म्हणायचा. मग तिने विचारायचं सोडलं.

७९ ला मंडळाने पहिला मोठा गणपती बसवायचा ठरवला आणि मखराचं काम अर्थातच टिल्लूंकडे आलं. मूर्तीच्या मागे फिरतं चक्र असल्याशिवाय गणपती उठून दिसत नाही, हे सांगलीच्या माणसाला कुणी सांगायला नको. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर होती, तिचा मिनिटाला सोळा फेऱ्यांचा मंद वेग होता. आता हवी होती एक गोल, हलकी, बरोब्बर मधोमध भोक असलेली चकती. कपाटात ती तयारच होती. सुलक्षणा मोदकाची उकड मळत होती, तिला त्याने ती दाखवली. "ही घेऊ?"

तिने हात थांबवले. "घ्या. फिरू दे बाप्पाच्या मागे." मग जरा वेळाने म्हणाली, "खाली घासणार नाही ना ती?"

"घासली तर घासली. तू आहेस की घरात गायला!"

आपण बायकोचं कौतुक केलं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. कव्हरच्या पुठ्ठ्याचे त्याने मखराचे कंगोरे केले. तबकडीवर बेगडाची किरणं पक्क्या गोंदाने चिकटवली. कुठल्या बाजूवर चिकटवली? ते काही केल्या आठवेना. त्याच्या लेखी तेव्हा तिला बाजू नव्हत्या, ती चकती होती.

सुलक्षणा गेल्यावर त्याने मखर करायचं सोडलं आणि सगळं सामान लेस्टरच्या मराठी मंडळींना देऊन टाकलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने देऊन टाकली, आणि नेमकी तीच.

हे सगळं त्याने मुलीला सांगितलं. खोटं बोललो तेवढं सोडून.

अनुराधाने फोन त्याच्या हातात दिला. लेस्टरच्या गणपतीचं सगळं नंदू साने बघायचा. फोन त्याच्या बायकोने, रेखाने घेतला.

"अय्या, काका! नंदू हॉलवर गेलाय. आज विसर्जन ना आमचं, दोन वाजता निघणार नदीवर. काय म्हणता, चक्र? ते जुनं मखर काढून टाकतोय आम्ही, सगळं किडीने खाल्लंय आणि हॉलवाल्यांना स्टोअर रिकामं हवंय. पण काका, बाप्पाचं मखर कचऱ्याच्या टिपला कसं टाकायचं? म्हणून नंदू म्हणाला, लाकूड आमच्या गार्डनमध्ये जाळू आणि चक्र बाप्पाबरोबर नदीत सोडू. छान ना?"

हॉलला फोन नव्हता. घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती.

एरवी सत्तरच्या वर काटा गेला की पद्माकर मुलीच्या गाडीत खोकायचा. त्या दिवशी तो एकदाही खोकला नाही. तो घरातल्या सपाता घालूनच निघाला होता. एम सिक्सवर रस्त्याचं काम निघालं आणि तीन रांगांची एक रांग झाली. पुढे एक कॅराव्हॅन ओढणारं म्हातारं जोडपं, त्यांच्या मागे हे दोघं, आणि शंकूंची रांग काही संपेना. एक वाजला. अनुराधा स्टिअरिंगवर बोटं आपटत होती.

"बाबा, व्हिनाइल पाण्यात खराब होतं का?"

"पाण्याने नाही होत. पण नदीतून ती शोधणार कोण?"

एम सिक्स्टी नाइनला लागल्यावर तिने गाडी अशी सोडली की पद्माकरने वरची कडी धरली. हॉलवर पोचले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दाराशी गुलाल सांडलेला, आत कुणी नाही. कोपऱ्यात त्याच्या मखराचे खांब कुजलेल्या उसासारखे रचून ठेवलेले. चक्र नव्हतं.

नदी तिथून पाच मिनिटांवर होती. पार्कच्या मागच्या बाजूला, कौन्सिलने नेमून दिलेल्या काठावर चाळीसेक माणसं उभी होती. घडीच्या टेबलावर हातभर उंचीची शाडूची मूर्ती, आणि तिच्या पाठीशी सुतळीने बांधलेलं चक्र. मोटरसकट. आरती चालू होती.

आता आरतीत कोणी मध्ये बोलतं का? पद्माकर गर्दीत घुसला, पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. एक आरती झाली, दुसरी झाली. लेस्टरच्या मंडळींना सगळ्या आरत्या पाठ, आणि एकही गाळायची नाही असा त्यांचा बाणा. नंदू डोळे मिटून म्हणत होता. पद्माकरची नजर सुतळीवर होती. मंत्रपुष्पांजली झाली, फुलं उडाली, कोणीतरी जयजयकार केला आणि नंदूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मूर्तीला हात घातला.

"नंदू, थांब. ते चक्र मला दे."

नंदूने वळून बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "काका! तुम्ही कधी आलात? अहो, तुमचंच चक्र हे. टिपला नाही टाकलं हां आम्ही. विथ फुल रिस्पेक्ट बाप्पाबरोबर सोडतोय."

"सोडू नको. मला ते परत हवंय."

नंदूचा चेहरा कसनुसा झाला. "काका, उत्तरपूजा झाली हो. आता बाप्पाच्या अंगावरचं काढून घ्यायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?"

लोकांनी म्हणायला सुरुवात केलीच होती. बाप्पाला दिलेलं कोणी परत मागतं का, असं कुणीतरी मागून बोललं, आणि ते पद्माकरला ऐकू जाईल अशा बेताने बोललं.

पद्माकर बोलघेवडा होता. मोटर कशी गुंडाळावी यावर तो तासभर बोलला असता. पण बारा वर्षांत त्याने चारचौघांत बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं. कुणी काढलं तर तो उठून पाणी प्यायला जायचा. आता उठून जायला जागा नव्हती. सपाता चिखलात रुतल्या होत्या.

"त्यात सुलक्षणा आहे," तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही. म्हातारा भ्रमला की काय, असं दोघा-तिघांना वाटलंही. मग अनुराधा पुढे आली. "आईची आवाज आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "तो रेकॉर्ड आहे. तिची दुसरी कुठेच आवाज नाहीये. प्लीज, नंदूकाका."

तिला कोणी दुरुस्त केलं नाही. बापानेही नाही.

नंदू बर्मिंगहॅमला शिकत असताना दोन वर्षं दर बुधवारी सुलक्षणाकडे जेवला होता. त्याने मूर्ती पुन्हा टेबलावर टेकवली. कोणी कात्री पुढे केली ती त्याने घेतली नाही, सुतळीच्या गाठी नखांनी सोडवल्या. बराच वेळ लागला. मग त्याने चक्र कपाळाला लावलं, "बाप्पा, माफ कर रे," असं पुटपुटला आणि ते पद्माकरच्या हातात दिलं.

ग्रॅहमला फोन केला. तो घाईघाईने म्हणाला की काही सोलू नका, काही पुसू नका, नटसुद्धा सैल करू नका, मी शनिवारी येतो. गोंद कुठल्या बाजूला आहे? दुसऱ्या बाजूला असेल तर बेगड निघताना खाचाही घेऊन निघेल, मग काही उपाय नाही. आणि मागे दिवे लावत होता का? दिव्यांनी तबकडी वाकते.

दिवे होते. दहा-दहा दिवस, पहाटेपासून.

चक्र सहा दिवस जेवायच्या टेबलावर टॉवेलवर पडून होतं. बापलेक स्वयंपाकघरात उभ्याने जेवत. बँकेतून सुटली की अनुराधा रोज आपल्या फ्लॅटऐवजी इकडेच येई आणि रोज तेच विचारी, "बाबा, ट्राय ना. कुठली साइड?" चिकटवताना लेबलवर काय होतं? निळं होतं की पांढरं? तुम्ही तिला विचारलं होतं का? गुरुवारी पद्माकरला ते सोसवेना.

"मला कशी आठवणार बाजू?" तो म्हणाला. "मी ती कधी ऐकलीच नाही, अनू."

"म्हणजे?"

"तुझी आई विचारायची, ऐकलंत का. मी हो म्हणायचो. पाच मिनिटं ऐकून उठलो होतो मी. तिचं गाणं येईपर्यंत थांबलोच नाही."

अनुराधाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला आमटी वाढणारी सुलक्षणा आठवली. "यू लाइड टू हर," ती म्हणाली. "आणि मग तिचाच रेकॉर्ड घेऊन त्याला ग्लू लावलास." तिने बापाला अरेतुरे केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती वर गेली आणि दार लावून बसली. खाली पद्माकर तबकडीसमोर बसून राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. ओव्हरटाइम कोणासाठी केला, असं विचारलं असतं तर त्याने हिच्यासाठीच म्हणून सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिने काय मागितलं होतं? चार मिनिटं.

शनिवारी ग्रॅहम आला. पस्तिशीचा किडकिडीत माणूस, टाय लावून आलेला. आपलं रेकॉर्ड प्लेअर त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळून कडेवर घेतल्यासारखं आणलं होतं. रिकामं कव्हरही आणलं होतं. अनुराधा खाली आली, पण बापापासून दूर, खिडकीशी उभी राहिली.

"नट तुम्हीच सोडवा," ग्रॅहम म्हणाला. "माझा हात नको लागायला."

नट गंजला होता. पद्माकरने पान्हा लावला, तो नटावरून निसटला. तीस वर्षं हजारांश इंचाच्या मापात काम केलेले हात. त्याने पान्हा खाली ठेवला, हात पँटला पुसले, पुन्हा लावला. पाव वळसा. करकर झाली. अर्धा वळसा. नट हातात आला. त्याने दोन्ही तळहातांनी कडा धरून तबकडी उचलली, आणि मोटरच्या थाळीवर त्याला हिरवं काहीतरी दिसलं.

कापड होतं. तबकडीएवढं गोल कापलेलं, जुन्या मऊ इरकलीचं. कडेने बारीक टाक्यांनी दुमडलेलं, आणि मध्ये नटापुरतं भोक पाडून त्याला काजं करतात तसा टाका घातलेला.

"हे काय?" अनुराधा जवळ आली.

कापड पद्माकरने ठेवलं नव्हतं. त्याने तबकडी सरळ थाळीच्या रबरावर बसवली होती, नट आवळला होता आणि वर माळ्यावर दिवे आणायला गेला होता. त्याच्या पाठीमागे कोणीतरी त्याचाच पान्हा घेऊन नट सोडवला होता, कापड घातलं होतं आणि तितकाच घट्ट आवळला होता. ही इरकल त्याने ओळखली. तिच्या पहिल्या दिवाळसणाची होती.

"आईने ठेवलंय," तो म्हणाला. "घासू नये म्हणून."

त्याने तबकडी उलटी केली. कापडाच्या बाजूचा भाग काळाभोर, लखलखीत होता. मधल्या पांढऱ्या लेबलवर छापलं होतं: दुसरी बाजू.

ग्रॅहमने टायची गाठ सैल केली.

किरणं त्याने काढू दिली नाहीत. तबकडी तशीच ठेवली, बेगड खाली, सुलक्षणा वर. फिरायला लागल्यावर कडेने सोनेरी टोकं दिसत होती. दिव्यांनी ती वाकली होतीच, यंत्राचा हात नावेसारखा वरखाली होत होता. ग्रॅहमने गाणं उतरवून घ्यायला आणलेला टेप चालू केला, वाकून शेवटच्या गाण्याची जागा बघितली आणि सुई टेकवली.

खरखर झाली. दूरवरून गिटार आलं. सुई उसळली, पण ती पुन्हा त्याच खाचेत उतरली. आणि मग, काही न सांगता, सुलक्षणा गायला लागली.

अनुराधाला आठवत नव्हता तो आवाज तिला ऐकल्याबरोबर आठवला. किंचित जाड, शब्दाच्या शेवटी दमल्यासारखा. अंगाईत तिचंच नाव येत होतं, अनूबाई, अनूबाई. मागे पोरांनी लावलेलं कसलंसं वाद्य गुणगुणत होतं आणि झोळीची दोरी करकरत होती. बापाने हात पुढे केला. तिने तो घेतला.

गाणं संपलं. ग्रॅहम सुई उचलणार तोच तबकडीतून हसण्याचा आवाज आला. एका पोराचा आवाज इंग्रजीत म्हणाला, मिसेस टी, तुमच्या भाषेत आणखी काहीतरी बोला ना. सुलक्षणा हसली. नको नको म्हणाली. मग जरा थांबून तिने घसा साफ केला आणि लग्नात घेतात तसं, ठणठणीत आवाजात, नाव घेतलं:

"बाहेर बर्फ, आत शेगडी, अंगावर शाल लोकरी,
पद्माकररावांना घरी पाठवा, पुरे झाली नोकरी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "व्हॉट डझ इट मीन?" एकाने विचारलं.

"यू आस्क माय हजबंड," सुलक्षणा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "ही विल लिसन. ही विल टेल यू."

पुढे नुसती खरखर. ग्रॅहमने सुई उचलली. खोलीत सोनेरी टोकं गरगरत राहिली.

दहा वर्षं ती वाट बघत होती. तो ऐकेल, लाजेल, चिडवेल, निदान एकदा तरी वेळेवर घरी येईल म्हणून. आणि दर वेळी हा म्हणत होता, छान म्हटलंस.

"मिस्टर टिल्लू," ग्रॅहमने हळूच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

टेप अजून चालू होता. पद्माकरने हातातली इरकल घट्ट धरली. "शी सेज, देअर इज स्नो," तो म्हणाला. "शी सेज, सेंड माय हजबंड होम. इनफ वर्क." मग त्याने मान खाली घातली आणि फिरणाऱ्या तबकडीलाच सांगितलं, "ऐकलं गं. शेवटपर्यंत ऐकलं."